क्लचवरचा पाय

बस भाऊ. रोहण्याची बस अजून लागली नाई, लागली का मी सांगतो तुले. चहा उतू गेला तं चालते, पन तुही बस चुकू देत नाई. तू आता इचारलं ना मले, का पुनाजी, नवी गाडी घ्याची आहे, तिच्यात ते आपोआप इंजन बंद व्हाचं असते, गाडी थांबली का बंद, क्लच दाबला का चालू, पेट्रोल वाचते म्हन्ते, तं तशी घ्यावं का नाई? चहावाल्याले इचारून राह्यला तू. शोरूममंधी इचारशीन तं तो कागदावर आकडे काढून देईन. माह्याजवळ आकडे नाई. मी तुले अण्णाजी डायवरची गोष्ट सांगतो. सुरवातीले हासू येईन तुले. येऊ दे, आमालेबी आलतं.

हा समोर आपला आर्वीचा डेपो आहे ना, याच्यात अण्णाजीनं सारी नोकरी काढली. नागपूर, अमरावती, आष्टी, अन् गावखेड्याच्या मुक्कामी गाड्या. मी तवापासून याच जागी. आंधी ढकलाची बंडी होती, आता डोक्यावर टीन आहे, एवढाच फरक. गाडी फाटकातून निंघाली का मी भट्टीकडं तोंड ठेवून सांगो, हा अण्णाजी आहे. काऊन का त्याची गाडी झटका नाई मारे. बाकीच्यायच्या गाडीत पब्लिकची मान कोंबड्यासारखी मांगं-पुढं होये. हा चालवे तं बाई लेकराले दूध पाजत बसे, अन् लेकरू झोपून जाये.

तुले सांगतो, डायवर माणूस शिवी ऐकून घेते. उशीर केला म्हना, ब्रेक जोरानं मारला म्हना, काई वाटत नाई त्याले. पन भर चौकात त्याच्या हातानं गाडी बंद पडली का त्याची इज्जत गेली. पब्लिक शिट्ट्या मारते, मांगून कंडक्टर म्हन्ते, "उतरा गा बाप्पा, धक्का मारा." नव्या डायवरची होतेच अशी फजिती. अण्णाजीची कधी झालेली मी पाह्यली नाई.

नवे डायवर भरती होऊन आले का तो त्यायले इथं, या बाकड्यावर बसवून शिकवे. म्हने, "गाडी उभी राह्यली का न्यूट्रल. न्यूट्रल झाली का क्लचवरचा पाय खाली. क्लच म्हनजे दरवाज्याची कडी आहे. दार उघडलं का कडी सोडाची, तिले लटकून नाई राहाचं." एखादा म्हने, "पन अण्णाजी, दोन मिनिटायचा तं थांबा असते." तं अण्णाजी म्हने, "मंग दोन मिनिटं पायाले आराम दे. त्यालेबी बायको-लेकरं आहे." क्लच दाबून उभं राह्यलं का त्याची प्लेट घासते, जळते, वास सुटते, हे मलेबी त्याच्याच तोंडून समजलं. मी चवथी शिकलो, पन क्लचचा धडा मले पाठ आहे.

रिटायर झाला तरी त्याचं चालवनं काई सुटलं नाई. घरी जुनी गाडी होती, अन् गावाले माहीत होतं का अण्णाजी नाई म्हनत नाई. कोनाची पोरगी बाळंतपनाले न्याची आहे, बोलवा अण्णाजीले. कोनाचा नवरदेव न्याचा आहे, बोलवा अण्णाजीले. नवरदेवाच्या गाडीले तं त्याच्याशिवाय दुसरा चालेच नाई आर्वीत. लोकं म्हने, अण्णाजी स्टेरिंगवर असला का झोपा बिनधास्त. त्याची घरवाली शकुंतलाबाई चिडे. म्हने, "डेपोनं सोडलं तुमाले, पन गावानं नाई सोडलं." तो हासे. पन ती खरंच घाबरे. तो घरी येवोस्तोर तिच्या घशातून घास नाई उतरे.

त्याचा पोरगा रुपेश नागपूरले नोकरीवर. चांगला पोरगा आहे, हे आंधी सांगून ठेवतो. दारू नाई, सुपारी नाई, मायबापाले दर आठवड्याले फोन, अन् पंधरा दिवसातून इकडं चक्कर. तो बापाले सांगून सांगून थकला होता, का बाबा, आता बस करा. सत्तरी आली, डोळ्याचं ऑपरेशन झालं, रस्त्यानं ट्रका कशा येते पाह्यता ना. अण्णाजी म्हने, "ज्या दिवशी माह्यानं गाडी बंद पडन, त्या दिवशी चाबी तुह्या हातात देईन." म्हनजे कधीच देनार नाई, असंच त्याले म्हनाचं होतं.

मंग रुपेशनं ती जुनी गाडी बदलीत देल्ली अन् नवी कोरी पांढरी गाडी आनली. नागपूरले त्याच्या बिल्डिंगीत ठेवाले जागा नाई म्हून गाडी राहे आर्वीतच, बापाच्या अंगनात. मांगं पाहाचा कॅमेरा, थंडगार एसी, गाणे लावाची टीव्ही, सारं बापाले दाखवलं. ते इंजन बंद व्हाचं मात्र दाखवाचं राहून गेलं.

अन् पयल्याच दिवशी इथं, या फाटकासमोर. अण्णाजी मोठ्या ऐटीत गाडी दाखवाले घेऊन आला. समोरून बस निंघत होती म्हून थांबला. न्यूट्रल केलं, क्लचवरचा पाय खाली ठेवला, जसा जिंदगीभर ठेवत आला तसा. अन् इंजन बंद.

इथं चार डायवर चहा पेत होते. एकानं बशी खाली ठेवली अन् म्हनला, "अण्णाजी, डबल बेल देऊ का?"

सारे हासले. अण्णाजीबी हासला. त्याचा हात सट्टकन चाबीवर गेला, बंद करून पुन्हा चालू केली, अन् म्हनला, "नवी घोडी आहे गा, लाजून राह्यली."

हे त्याच्या हाताचं आंधी समजून घे, नाई तं तू इचारशीन का त्याले समजलं कसं नाई. त्या गाडीत क्लच दाबला का ती सोताच चालू होते. पन इतकी वर्षं स्टेरिंग धरलेला मानूस, इंजन बंद झालं का त्याचा पाय हालाच्या आंधी हात चाबीवर जाते. चाबी बंद केली का सारा खेळ खतम, ती साध्या गाडीवानी होते. म्हून त्याले वाटे का माह्यानं बंद पडली अन् मीच चालू केली.

पुन्हा दुसऱ्या दिवशी कापसाच्या गाड्यायच्या लाइनमंधी बंद पडली. मंग बाजारात. मंग चार दिवस काईच नाई. उन्हाचा एसी जोरात असला का ती बंद नाई होये, हे कोनाले माहीत. त्याले वाटे आज पाय ठीक आहे, आज ठीक नाई. बिमारी कशी असते, एक दिवस बरी, एक दिवस जोर करते, तसं. गाडी नवी आहे, मंग बिघाड कोनात आहे? माह्यात. त्यानं असाच हिशोब लावला, अन् दुसरा लावाचं त्याच्या मनातबी नाई आलं.

चपला बदलल्या. मंग अनवानी पायानं चालवून पाह्यली. देऊरवाड्याच्या रस्त्यानं एकटाच जाये, मोकळ्या रस्त्यावर थांबे, निंघे, थांबे, निंघे, जसा शिकाऊ डायवर. घामानं भिजून वापस येये. डॉक्टरले पाय दाखवले. डॉक्टर म्हनला, काई नाई, चांगले आहे पाय. तं हा मले म्हन्ते, "भला मानूस आहे, तोंडावर नाई सांगत." शकुंतलाबाई रोज पोटऱ्यायले तेल चोळून दे.

रुपेशले त्यानं फोनवर सांगतलं. दोघायचं काय बोलनं झालं ते मले मांगून समजलं, ते पुढं सांगतो. पन एक दिवस तो या बाकड्यावर बसला, गर्दी सरू देल्ली, अन् हळूच म्हनला, "पुनाजी, आज लय वेगळं झालं. गाडी बंद पडली. मंग चालू झाली. पन मी चाबी फिरवली का नाई, मले आठवत नाई."

"फिरवली असंन. सवय आहे तुमच्या हाताले."

"तेच म्हन्तो. फिरवलीच असंन, नाई तं चालू कशी होईन? पन आठवत नाई ना." त्यानं गिलास बाकड्यावर ठेवला. "माह्या बापाचं असंच सुरू झालतं. आंधी बारीक-सारीक इसरे. मंग एक दिवस वावरातून घरचा रस्ता इसरला."

मी म्हनलं, "चहा प्या, थंडा होऊन राह्यला."

तरी भैय्याजीच्या पोराचं लग्न निंघालं तवा नवरदेवाची गाडी अण्णाजीनंच आनाची, हे ठरलेलंच होतं. भैय्याजी आमच्या गल्लीतला, भाजीवाला. लग्न आष्टीले. अण्णाजी नाई म्हनत होता. भैय्याजी म्हनला, "तुमी नाई तं मी नवरदेव बैलबंडीत नेतो." तं आला बिच्चारा. रुपेशची पांढरी गाडी झेंडूनं सजवली. रुपेशबी सुट्टी घेऊन आलता, तो अन् मी दुसऱ्या गाडीत.

आष्टीले मारोतीच्या देवळापाशी नवरदेवानं हात जोडले, गाडीत बसला, अन् समोर बँड लागला. आता वरातीत गाडी कशी चालते तुले माहीत आहे. बँड चार पावलं सरकते, गाडी चार पावलं सरकते. पोट्टे नाचाले लागले का गाडी थांबते. मंग न्यूट्रल, क्लचवरचा पाय खाली. अन् इंजन बंद. चाबी फिरवली, चालू केली, थोडी सरकली. थांबली. पुन्हा बंद.

तिसऱ्यांदा बंद पडली तवा नाचनाऱ्यायतल्या एकानं बोनटवर थाप मारली. "काका, धक्का मारू का?"

दुसरा म्हनला, "नवरदेवालेच उतरवा, तोच ढकलन. लगन त्याचं आहे."

बँडवाले बी हासून राह्यले. वधूकडचे लोकं गच्चीवरून पाहून राह्यले. नवरदेवानं रुमाल तोंडाले लावला. मी उतरून नवरदेवाच्या गाडीबाजूनंच पायी चालत होतो, अण्णाजीकडं पाह्यलं. काचेतून त्याचं तोंड दिसत होतं. कोनी थापड मारावं अन् मानसानं चूप राहावं, तसं. तो हासत नाई होता, नवी घोडी वगैरे काईच म्हनला नाई. स्टेरिंगले दोन्ही हातानं धरून होता.

तवा रुपेश बाजूनं गेला, खिडकीत वाकला अन् म्हनला, "बाबा, उतरा. मी घेतो."

अण्णाजी उतरला. साऱ्या वरातीसमोर. रुपेश बसला, बसल्या बसल्या समोर कायतरी बटन दाबलं, मले वाटलं एसी लावला असंन. अन् मंडपापोवेतो ती गाडी एकदाबी बंद नाई पडली. लोकं म्हनले, पोराच्या हातात काय मस्त चालते. अण्णाजी वरातीच्या मांगं, बायायच्याबी मांगं, एकटाच पायी आला. पंगतीत बसला नाई. सांजेले घरी आला अन् त्यानं सोताहून चाबी रुपेशच्या हातात देल्ली. बोललेला शब्द होता ना त्याचा.

त्याच्यानंतर त्यानं गाडीले हात नाई लावला. घरीच बसून राहे. लोकं बोलवाले आले तं शकुंतलाबाई दारातूनच वापस करे. ती जराशी भरली अंगानं, तोंडावर तेज आलं. मी म्हनलं, चला, कोनी तं सुखी आहे.

आता पुढचं. माह्या बहिनीची पोरगी रक्षा, नर्स आहे सरकारी दवाखान्यात, सोताची गाडी सोता चालवते. पुलगावले आमच्या सोयऱ्यायकडं तेरवी होती, तं मले म्हनली, मामा चला. मामा-भाची आपल्या गोंडीत बोलत चाललो होतो. पुलगावच्या रेल्वे फाटकावर गाडी थांबली. तिनं न्यूट्रल केलं, पाय काढला, अन् इंजन बंद.

मी घाबरलो. म्हनलं, "पोरी, बंद पडली तुही गाडी."

"पडली नाई मामा, तिनंच केली बंद. पेट्रोल वाचवाले. आता पाह्यजा." फाटक उघडलं, तिनं क्लच दाबला, गाडी आपोआप चालू. चाबीले हात नाई लावला.

मी तिच्या चाबीकडंच पाह्यत राह्यलो. इचारलं, "असं सगळ्या गाड्यायत असते?"

"नव्या बऱ्याच गाड्यायत असते."

"फायदा आहे का काई?"

"असं मोठं फाटक लागलं तं आहे थोडासाक. आर्वीत कुठं सिग्नल आहे मामा, ढोरं आडवे आले तरच थांबते गाडी. अन् बॅटरी वेगळी लागते, महाग येते. मे महिन्यात इंजन बंद झालं का थंडी हवा जाते. आज इसरली, नाई तं मी बटन दाबूनच ठेवतो. हे पाह्य." तिनं दाखवलं. एक छोटंसं बटन, इंग्रजी ए, त्याच्या भवताल गोल. त्याच जागी रुपेशचं बोट गेलतं आष्टीले.

"ज्याची गाडी आहे त्याले हे माहीत नसन, असं होते का?"

"कसं होईन? गाडी देतानाच दाखवते ते. अन् समोर हिरवा दिवा लागते ना, बंद झाली का."

मंग तेरवीच्या पानावरबी मन नाई लागलं.

मी रविवारची वाट पाह्यली. त्या रविवारी रुपेशची पंधरा दिवसाची चक्कर होती. ठेला बंद ठेवला अन् सकाळीच अण्णाजीच्या घरी गेलो. तो खाटेवर पाय लांब करून बसला होता, शकुंतलाबाई पोटऱ्यायले तेल लावून राह्यली होती, रुपेश अंगनात नळीनं गाडी धुवून राह्यला होता.

"पुनाजी, तू कसा इकडं? ठेला कोनावर सोडला?"

"आज आर्वीले बिनचहाची राहू द्या. अण्णाजी, तुमचे पाय चांगले आहे."

"डॉक्टरबी हेच म्हन्ते," तो म्हनला.

"डॉक्टर खरं म्हन्ते. तुमच्यानं नाई बंद पडे ती गाडी. ती सोताच बंद होते. न्यूट्रल करून क्लच सोडला का बंद होते, दाबला का चालू होते, तिले तसंच बनवलं आहे. जो पाय दाबूनच ठेवते त्याची नाई होये. तुमी बरोब्बर चालवत होते म्हून बंद होये. तुमची आठवनबी काई नाई गेली. चाबी तुमी फिरवलीच नव्हती तवा."

शकुंतलाबाईचा हात थांबला. नळीचं पानी नुस्तं जमिनीवर पडून राह्यलं होतं. अण्णाजीनं माह्याकडं पाह्यलं नाई, पोराकडं पाह्यलं.

"रुपेश, खरं आहे का हे?"

"हो बाबा."

"तुले कधीपासून माहीत आहे?"

"पयल्यापासून. म्हनजे तुमाले सांगाचं इसरलो होतो, खरंच इसरलो होतो. मंग तुमी फोन केला, म्हनले का माह्यानं गाडी बंद पडून राह्यली. मी सांगनारच होतो बाबा. तेवढ्यात तुमीच म्हनले, आता चालवनं कमी करतो. मंग मी..." त्यानं नळी खाली ठेवली. "किती वेळा हात जोडले तुमाले. आई जेवत नाई तुमी येवोस्तोर. उद्या कुठं काई झालं असतं तं? मी खोटं नाई बोललो. फक्त सांगतलं नाई."

अण्णाजी हळूच म्हनला, "अन् तो हिरवा दिवा?"

रुपेशनं मान खाली घातली.

अण्णाजी मले म्हनला, जसं काई मीच इचारलं होतं, "मी याले दाखवलं होतं गा. म्हनलं, गाडी बंद पडली का हा हिरवा दिवा लागते, हा कायचा आहे? हा म्हनला, एसीचा आहे बाबा." मंग बायकोकडं वळला. "तुले माहीत होतं?"

तिनं तेलाची वाटी बाजूले सरकवली.

"माहीत होतं वं तुले?"

"रुपेशनं सांगतलं होतं," ती म्हनली. "तुमी घरी राहू लागले. मले बरं वाटलं."

"अन् हे तेल?"

"मंग काय करू? तुमी म्हनले दुखते, तं लावलं."

मले वाटलं आता हा उठन, पोराच्या कानाखाली एक देईन, घरात चार भांडे फेकन. खरं सांगू, मी त्याच्याचसाठी गेलतो. तो उठला नाई. पाय जवळ घेतले, धोतराच्या काठानं तेल पुसलं, अन् बसल्या बसल्या म्हनला, "मी रोज सकाळी उठून नातवायचे नावं घेऊन पाहो. मंग व्याह्यायचे. मंग स्टॉपायचे नावं, इथून नागपूरपोवेतो. एखादं सुटलं का पुन्हा पयल्यापासून सुरू करो. म्हनो, आलं, बापावानी आलं."

रुपेशनं नळ बंद केला. मंग आला, खाटेजवळ उकिडवा बसला अन् चाबी बापाच्या गुडघ्यावर ठेवली. म्हनला, "बाबा, बटन दाबून देतो. पुन्हा नाई बंद होनार. चालवा तुमी."

अण्णाजीनं चाबी उचलली. मी म्हनलं, चला, मी बसतो बाजूले. निंघालो आमी. शकुंतलाबाई दारात उभी होती. बटन दाबलेलं होतं, गाडी लोन्यावानी चालली. पयल्याच चौकात संत्र्याचा ट्रक वळत होता म्हून थांबलो. त्यानं न्यूट्रल केलं. मी त्याच्या पायाकडं पाह्यत होतो. पाय क्लचवरून हालला नाई.

म्हनलं, "अण्णाजी, पाय काढा."

"काढतो," तो म्हनला.

नाई काढला. ट्रक गेला, पुढं गेलो, पुन्हा थांबलो, पुन्हा तेच. इंजन मस्त सुरू होतं, अन् हा कान देऊन बसला होता, आता बंद पडन, आता पडन. अर्ध्या गावाले क्लचवरचा पाय काढाले शिकवनारा मानूस, अन् त्याचा पाय असा क्लचवर चिपकला होता जसा पान्यात पडलेला दोराले चिपकते. मांगच्या मोटरसायकलवाल्यानं हॉर्न मारला तं गाडी दचके देत निंघाली, माही मान कोंबड्यासारखी मांगं-पुढं झाली. बाजाराच्या रस्त्यापोवेतो जळका वास सुटला. त्यानं नाक वर केलं, वास घेतला, माह्याकडं पाह्यलं, अन् गाडी घराकडं वळवली.

अंगनात लावली, उतरला, चाबी रुपेशले देल्ली. "घेऊन जा नागपूरले," म्हनला. "चांगली गाडी आहे."

मी त्या दिवशी त्याच्या घरी न जातो तं बरं झालं असतं का, हे मले कोनी सांगत नाई. रक्षाले इचारलं, तं ती म्हन्ते, तुमी खरं तेच सांगतलं मामा. खऱ्याचं काय करू मी? पयले त्याचे पाय गेले होते. तो म्हने, मानसाचे पाय जातेच एक दिवस. आता पाय वापस आले, अन् घरातले दोन मानसं गेले.

महिना झाला असंन, भैय्याजी इथं आला, म्हन्ते, "अण्णाजी, पोरगी सासरी पोचवाची आहे, याल का?" आष्टीचं तो इसरून गेलता, चांगला मानूस आहे. अण्णाजी हासून म्हनला, "आता नाई गा. पाय गेले माहे." भैय्याजी हळहळला, चहा पाजला अन् गेला.

मी म्हनलं, "काऊन खोटं बोलता? पाय चांगले आहे म्हून सांगा ना साऱ्यायले, उजागरीनं सांगा."

तो म्हनला, "अन् मंग आष्टीले काय झालं होतं, इचारतीन ना लोकं. काय सांगू? पोरानं वरातीत उतरवलं माहीत असून, हे सांगू? रुपेशले गावात यावं लागते गा. चौकातून येते तो. लोकायनं त्याच्याकडं तसं पाह्यलेलं मले सहन नाई होत." अन् गिलास ठेवला. "पायाचं काय, पायाले कोनी नावं नाई ठेवत."

तं भाऊ, पेट्रोल वाचते का? वाचत असंन बाप्पा, मी मोजाले नाई गेलो. तू आपल्या मनानं घे. एवढंच आहे, का घेशीन तं ज्याच्या हातात चाबी देशीन त्याले ते बटन पयले दाखव.

आता तिकडं पाह्य. डेपोच्या फाटकातून येऊन राह्यला ना तो, धोतरवाला, सरळ मानेचा, तोच. रोज या टायमाले येते, गाड्यायकडं पाह्यत बसते. तुह्याच बाजूले बसन, अन् तुही ओळख-पाळख नसली तरी सोताहूनच सांगन का पाय गेले माहे, नाई तं डायवर होतो मी. तू इचारजो नोको कसे गेले म्हून. गाडी घेऊन राह्यलो हेबी बोलजो नोको. नुस्तं हो म्हनजो, वय झालं का होते असं म्हनजो, अन् थोडासाक सरक तिकडं, त्याले बसाले जागा दे.